परवाना खरा होता, पण गाइडचा नव्हता : अलास्कातील अस्वलाच्या शिकारीच्या नावाखाली झालेली फसवणूक

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या ॲडमिरल्टी बेटावर तपकिरी अस्वलाच्या शिकारीसाठी गाइडसह बोटीने नेतो, असे सांगून एका माणसाने माझ्याकडून, माझ्या मेहुण्यांकडून आणि आमच्या दोन स्नेह्यांकडून मोठी रक्कम घेतली. त्याच्याकडे परवाना नव्हता असे नाही. परवाना होता, तो खरा होता आणि सरकारी नोंदवहीत त्याच्याच नावावर होता. पण तो गाइडचा नव्हता. हा फरक वरवर पाहता कागदी वाटेल. प्रत्यक्षात त्या फरकापायी आमचे पैसे बुडालेच, शिवाय आम्ही एका संघराज्यीय गुन्ह्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचलो होतो. पैसे बुडाल्याचे दुःख माणूस कालांतराने गिळतो. परंतु या प्रकारात फसलेलाच आरोपी ठरू शकतो, ही गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक असावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो, अमेरिकेचे नागरिक आहोत आणि इथे रीतसर परवाना काढून हरणाची शिकार करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या अनेकांना शिकार हा शब्दच खटकतो, आणि त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. अलास्कात मात्र अस्वलाची शिकार हा राज्याने हंगाम, संख्या आणि जागा ठरवून दिलेला, कडक देखरेखीखालचा व्यवहार आहे. आमची फसवणूक झाली ती नेमकी या देखरेखीलाच बगल देऊन.

अलास्काबाहेरून येणाऱ्या अमेरिकन नागरिकाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा किंवा पहाडी बकरा यांची शिकार एकट्याने करता येत नाही. सोबत परवानाधारक गाइड हवा, किंवा अलास्कात कायम राहणारा, १९ वर्षे पूर्ण झालेला जवळचा नातेवाईक हवा. जवळचा म्हणजे आईवडील, मुले, सख्खी भावंडे, आजीआजोबा, नातवंडे, पतीपत्नी आणि सासरकडची तितकीच जवळची माणसे. आपण चुलत आणि आते-मामे भावंडांना सख्ख्यासारखेच मानतो, पण या कायद्यात ती बसत नाहीत, मेहुणा बसतो. अमेरिकेत कायम वास्तव्य नसलेल्या परदेशी पाहुण्यासाठी नियम याहून कडक आहे : त्याला काळ्या अस्वलासाठी किंवा हरणासाठीसुद्धा गाइड घ्यावाच लागतो आणि नातेवाइकाची सवलत मिळत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या भावाला हौसेने शिकारीला नेऊ पाहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तो माणूस आम्हांला शिकार आणि मासेमारीच्या एका प्रदर्शनात भेटला. बोलण्यात अदब होती, घाई नव्हती. ॲडमिरल्टीवर दर चौरस मैलामागे साधारण एक तपकिरी अस्वल आहे, मे महिन्यात ती भरतीरेषेजवळचे कोवळे गवत खायला किनाऱ्यावर उतरतात, त्यामुळे बोटीवर राहून दुर्बिणीने किनारा न्याहाळायचा आणि अस्वल दिसले की छोट्या होडीने वाऱ्याच्या उलट बाजूने उतरायचे, हे सारे त्याने बारकाईने सांगितले. यातले काहीही खोटे नव्हते. त्या भागात शिकार अशीच केली जाते. खऱ्या माहितीच्या आधाराने उभे केलेले खोटे ओळखणे फार अवघड असते.

त्याने सांगितलेली किंमत मात्र प्रचलित दराच्या निम्म्याहूनही कमी होती. आग्नेय अलास्कात तपकिरी अस्वलाच्या गाइडसह शिकारीला वीस हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो. ॲडमिरल्टीचा बहुतेक भाग टोंगास राष्ट्रीय वनात मोडतो. १९७८ साली तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला आणि १९८० च्या कायद्याने त्यातील बराचसा प्रदेश संरक्षित अरण्य ठरला. तिथे व्यवसाय करायला गाइडला राज्याच्या परवान्याखेरीज वनविभागाचीही परवानगी लागते आणि ती मोजक्यांनाच मिळते, म्हणून दर चढे राहतात. स्वस्त दराचे कारण विचारल्यावर त्याने सांगितले की बोट स्वतःची आहे, मध्ये दलाल नाही, आणि हंगामातल्या काही जागा रिकाम्या राहिल्या आहेत. निम्मी रक्कम बँकेतून थेट पाठवायची आणि उरलेली धक्क्यावर रोख द्यायची, असे ठरले.

पैसे पाठवण्यापूर्वी आम्ही राज्याच्या परवाना नोंदवहीत त्याने दिलेला क्रमांक तपासला. नाव जुळले आणि परवाना चालू असल्याचे दिसले. सापळा नेमका इथे होता. अलास्कात या व्यवसायाचे परवाने बिग गेम कमर्शियल सर्व्हिसेस बोर्डाच्या अखत्यारीत दिले जातात आणि त्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत. शिकारीचा करार फक्त रजिस्टर्ड गाइड किंवा मास्टर गाइडच करू शकतो. असिस्टंट गाइड त्यांच्या हाताखाली काम करतो. त्याला स्वतःच्या नावाने गिऱ्हाईक घेता येत नाही. ट्रान्सपोर्टर, म्हणजे वाहतूकदार, हा वेगळाच प्रकार आहे. त्याने शिकाऱ्याला आणि सामानाला नेऊन पोहोचवावे, आणावे, बोटीवर राहू द्यावे, एवढाच त्याचा अधिकार. अस्वल शोधून देणे, पाठलागात सोबत करणे, नेम कुठे धरावा हे सांगणे, यातले काहीही त्याला करता येत नाही. आमचा माणूस ट्रान्सपोर्टर होता. त्याने पाठवलेल्या करारनाम्यात ‘शिकार सहल’, ‘अनुभवी चमू’, ‘संपूर्ण सेवा’ असे शब्द जागोजागी होते; ‘गाइड’ हा शब्द मात्र एकदाही नव्हता आणि रजिस्टर्ड गाइडची सहीही नव्हती. तोंडी बोलताना त्याने तो शब्द कितीदा तरी वापरला होता.

टॅगच्या बाबतीतही त्याने असाच हात मारला. बाहेरच्या राज्यातील शिकाऱ्याला १६० डॉलरचा शिकार परवाना आणि तपकिरी अस्वलासाठी १००० डॉलरचा धातूचा टॅग स्वतःच्या नावाने आधीच विकत घ्यावा लागतो. अस्वल पडल्यावर तो तिथेच कातड्याला लावायचा असतो. शिकार परवाने आम्ही स्वतः काढले. टॅगचे काम माझ्याकडून होते, तुम्ही धावपळ करू नका, असे म्हणून त्याने प्रत्येकाकडून हजार डॉलर वेगळे घेतले.

बोट अलास्काची राजधानी जूनो इथून सुटायची होती. जूनोला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. विमानाने किंवा बोटीनेच जावे लागते. धक्क्यावर उरलेले पैसे चुकते करून आम्ही निघालो. बोट जुनी होती. आणीबाणीच्या हाकेसाठी असलेल्या सोळा क्रमांकाच्या चॅनलवर रेडिओ लावून दाखवा म्हटल्यावर त्याने विषय बदलला. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बोटीच्या चालकाकडे कोस्ट गार्डचा परवाना असावा लागतो. तोही त्याने दाखवला नाही. गाइड कोण, या प्रश्नावर त्याने बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या तरुणाकडे बोट केले.

बेटाच्या आडोशाला नांगर टाकल्यावर मेहुण्यांनी टॅग मागितले. “अस्वल मिळाले की काढू, उगाच आधी पैसे कशाला घालवायचे?” असे उत्तर आले. त्यापाठोपाठ त्याने जी सूचना दिली, तिच्यामुळे हा माणूस फसवतो आहे याबद्दल शंकाच उरली नाही : पोलिसांनी बोट अडवून विचारले, तर काळ्या अस्वलाच्या शिकारीला आलो आहोत असे सांगा, कारण काळ्या अस्वलाला गाइड लागत नाही. ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ या तिन्ही बेटांवर काळी अस्वले मुळात नाहीतच. त्या भागात गस्त घालणाऱ्या कोणत्याही वन्यजीव पोलिसाला हे उत्तर ऐकताच सारा प्रकार कळला असता, आणि खोटे बोलणारे आम्ही ठरलो असतो.

मेहुण्यांनी राज्याची नियमपुस्तिका सोबत घेतली होती. ती उघडून आम्ही चौघांनी तिथेच ठरवले की बंदुका पेटीतून बाहेर काढायच्या नाहीत. विनापरवाना गाइडबरोबर, टॅगशिवाय मारलेले अस्वल हे बेकायदा मारलेले अस्वल असते. त्याचे कातडे किंवा कवटी राज्याबाहेर नेली, तर १९०० सालचा लेसी ॲक्ट, म्हणजे बेकायदा मिळवलेल्या वन्यप्राण्यांच्या व्यापाराविरुद्धचा संघराज्यीय कायदा, लागू होतो, आणि या कायद्यात बेकायदा शिकारीसाठी पैसे देऊन गाइडची सेवा घेणे म्हणजे वन्यप्राणी विकत घेणेच समजले जाते. बंदूक आणि सामान जप्त होऊ शकते. आमच्यातील एका स्नेह्यांच्या पत्नीचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. घरातल्या माणसावर फौजदारी प्रकरण ओढवले असते तर त्या कुटुंबावर कोणता ताण आला असता, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

परत चला म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. ठरल्याआधी परतायचे तर इंधनाचे पैसे वेगळे, तेही रोख, अशी अट त्याने घातली. चहूकडे बर्फगार पाणी, किनाऱ्यावर अस्वले, फोनला रेंज नाही आणि बोट त्याच्या हाती. अशा ठिकाणी घासाघीस करता येत नाही. आम्ही पैसे दिले. बोटीवरच्या शिकारीत फसवणारा इतका निर्धास्त का असतो, ते तेव्हा कळले : धक्का सुटला की गिऱ्हाइकाला उठून जाण्याची सोय उरत नाही.

जूनोला परतल्यावर आम्ही अलास्का वाइल्डलाइफ ट्रूपर्सकडे, म्हणजे राज्याच्या वन्यजीव पोलिसांकडे, जाऊन जबाब दिला आणि परवाने देणाऱ्या खात्याकडे लेखी तक्रार केली. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि करारनामा व बँकेचे कागद ठेवून घेतले. बँकेने थेट पाठवलेली रक्कम परत आणण्यास असमर्थता दर्शवली. चौकशी चालू असल्याने त्या माणसाचे नाव मी इथे लिहीत नाही.

असा बेत आखणाऱ्यांनी नोंदवहीत फक्त ‘परवाना चालू’ एवढे वाचून थांबू नये. परवान्याचा प्रकार कोणता, हे पाहावे. करारावर रजिस्टर्ड किंवा मास्टर गाइडचे नाव, परवाना क्रमांक आणि सही मागावी, त्या गाइडशी स्वतः बोलावे, आणि आपण जाणार त्या क्षेत्रासाठी त्याची नोंदणी व वनविभागाची परवानगी आहे का, हे संबंधित कार्यालयाला फोन करून विचारावे; ते सांगतात. टॅग दुसऱ्याच्या हातून घेऊ नये. खरा गाइड या प्रश्नांनी नाराज होत नाही, कारण चूक झाल्यास त्याचाही परवाना जातो. ज्यांनी वसंत हंगामासाठी आगाऊ रक्कम आधीच भरली असेल, त्यांनी आजच करारनामा काढून सहीच्या खाली कोणता परवाना लिहिला आहे ते वाचावे. तिथे ट्रान्सपोर्टर असे लिहिले असेल आणि शिकार तपकिरी अस्वलाची असेल, तर विमानाचे तिकीट रद्द करावे आणि ट्रूपर्सना कळवावे.