वेंगुर्ल्याची गिब्सन की म्हापशाची हॉफनर?

माझा भाचा उत्तर गोव्यातल्या हॉटेलांत जॅझ वाजवतो. वर्षभर त्याने एकच धोशा लावलाय, जुनी आर्चटॉप गिटार हवी. म्हणजे पोकळ अंगाची, व्हायोलिनसारखी वरची फळी फुगीर, दोन बाजूंना एफ-होल, म्हणजे इंग्रजी एफ अक्षरासारखी भोकं, आणि वर तारांचा आवाज विजेने टिपणारा पिकअप बसवलेली. शोधता शोधता दोन सापडल्या, दोन्ही आमच्याच टापूत. एक वेंगुर्ल्यात, बोटीवर नोकरी केलेल्या आणि आता हयात नसलेल्या एका गृहस्थांच्या घरी. तिच्या डोक्यावर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, शिंपल्यात ‘गिब्सन’ हे अमेरिकी कंपनीचं नाव कोरलंय. दुसरी म्हापशात, लग्नाच्या बँडांत आयुष्य घालवलेल्या एका अंकलकडे. ती हॉफनर कंपनीची ‘प्रेसिडेंट’.

"मामा, कुठली घेऊ?"

मी मूळचा पेटीवाला. भजनी मंडळांच्या पेट्यांचे भाते आणि सूर नीट करता करता गिटारी हातात येत गेल्या, तसा शिकत गेलो. बारा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर मी अशीच एक ‘जुनी गिब्सन’ घेतली होती. घरी आणून डोक्यावरून नख फिरवलं तर नाव नखाला लागलं. शिंपला नव्हता, वॉर्निशखाली चिकटवलेलं स्टिकर होतं. तेव्हापासून आधी नख, मग पैसे.

वेंगुर्ल्याच्या काकींनी गिटारीची पेटी उघडता उघडताच सांगितलं, "आमच्या मामंजींनी बोटीवरसून हाडलेली. अठ्ठावन्न सालात, लंडनच्या दुकानातसून, कोरी." इथेच माझे कान टवकारले. डॉलर वाचवायचे म्हणून ब्रिटनने १९५१ पासून अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर बंदी घातली होती आणि ती उठली १९५९ साली. म्हणजे १९५८ मध्ये लंडनच्या दुकानात कोरी गिब्सन खिडकीत टांगलेली असणं अवघडच. न्यूयॉर्क म्हणाल्या असत्या तर मान डोलावली असती. उलट म्हापशाच्या अंकलची गोष्ट मालाशी जुळते. त्यांच्या थोरल्या भावाने ती लंडनलाच घेतली होती. हॉफनर जर्मनीची, पण ब्रिटनमध्ये त्या सेल्मर कंपनीतर्फे विकल्या जात आणि सेल्मर त्यांना नावं द्यायची: प्रेसिडेंट, कमिटी, सेनेटर, क्लब. जर्मनीत विकलेल्या गिटारींना नुसते आकडे. त्यामुळे हॅम्बुर्गच्या बंदरात घेतली असं कुणी सांगितलं आणि आत ‘प्रेसिडेंट’ निघाली, तर दोन प्रश्न जास्त विचारावे.

पण गोष्ट खोटी म्हणून गिटार खोटी ठरत नाही. मामंजींनी ती वापरलेली घेतली असेल, कुठल्या तरी तिसऱ्याच बंदरात, आणि घरी ‘लंडन, कोरी’ म्हणून सांगितलं असेल. बोटीवरची माणसं घरी आल्यावर थोडं वाढवून सांगतातच.

म्हणून मोबाईलचा टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन आत बघितलं. एका एफ-होलमधून लंबगोल नारिंगी लेबल दिसलं. त्यावर मॉडेल ईएस-१७५ आणि ‘ए-२७’ने सुरू होणारा पाच आकडी नंबर. ईएस-१७५ हे मॉडेल १९४९ साली निघालं आणि तेव्हाच्या १७५ डॉलर किमतीवरून त्याला नाव मिळालं. गिब्सनच्या ‘ए’ मालिकेत १९५८ चे नंबर साधारण ए-२६८२० ते ए-२८८८० मध्ये येतात, म्हणजे लेबल साल बरोबर सांगत होतं. पण लेबल हा कागद आहे, कागद चिकटवता येतो. खरी साक्ष दुसऱ्या एफ-होलमधून मिळाली. कारखान्यात गिटारींचा घाणा लावताना लाकडावरच उठवलेला शिक्का. १९५२ ते १९६१ त्यात वर्षाचं अक्षर असतं आणि ते उलटं चालतं: १९५२ ला झेड, १९५३ ला वाय, असं करत १९५८ ला टी, १९५९ ला एस. आरशात आधी काहीच दिसेना, नुसती धूळ. कापूस काडीला गुंडाळून हलकेच फिरवला तेव्हा फिकट शाईत टी आला. मला पेटीच्या सुराखाली जर्मन कंपनीचा छाप सापडतो तेव्हा होतो तसाच आनंद झाला. अंग १९५८ चंच.

बाकीची मापंही जुळली. शिंप्याच्या टेपने खालचा घेर सव्वासोळा इंच रुंद, वरचा कट टोकदार. एफ-होलच्या कडेला लाकडाचे तीन थर स्पष्ट दिसतात, कारण १७५ ची फळी मुळातच थर दाबून केलेली असते. त्यामुळे ‘प्लायवूड आहे, नकली असणार’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपल्याकडच्या हवेत ते वरदानच आहे. अखंड लाकडाची कोरलेली फळी पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आक्रसते आणि तडकते. थरांची बरीच कमी हलते.

मग विजेचा भाग, आणि तिथे रंग उतरला. गिब्सनने १९५७ पासून १७५ वर हंबकर, म्हणजे विजेची गुणगुण मारणारे दोन वेटोळ्यांचे पिकअप बसवायला सुरुवात केली. गिब्सनचे इंजिनिअर सेथ लव्हर यांनी काढलेले, तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं काळं-सोनेरी स्टिकर असलेले. गिऱ्हाइकं त्यांना पीएएफ म्हणतात आणि नुसत्या जोडीलाच काही लाख मोजतात. (नंतर स्टिकरवर जो पेटंट नंबर आला, तो पिकअपचा नव्हताच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारांचं खालचं टोक अडकवायच्या भागाचा होता. कारखान्यातल्या या गमतीमुळे तपासणाऱ्यांची चांगली सोय झाली.) काकींच्या परवानगीने पिकअप उचलला. स्टिकर नाही, कव्हरच्या कडेचं सोल्डरिंग अलीकडचं, चकचकीत. आवाज कमीजास्त करायच्या आतल्या कंट्रोलच्या पाठीवर १३७७७१८ हा आकडा. तो असा वाचायचा: पहिले तीन आकडे बनवणारी कंपनी, १३७ म्हणजे सीटीएस, पुढचे दोन वर्ष, ७७, शेवटचे दोन आठवडा, अठरावा. म्हणजे १९७७ किंवा त्यानंतर कुणीतरी आतलं सगळं बदललंय. जुने पिकअप कुठे गेले ते मामंजींनाच ठाऊक.

शेवटी खोली अंधारी करून दुकानात नोटा तपासतात तो जांभळा दिवा फिरवला. जुनं नायट्रोसेल्युलोज वॉर्निश त्या प्रकाशात मंद पिवळट-हिरवट चमकतं, नवा हात दिलेला भाग काळसर राहतो. मानेच्या मागे, डोकं सुरू होतं तिथे, बोटभर काळी पट्टी. डोकं तुटून जोडलंय. गिब्सनचं हे जुनं दुखणं. डोकं १७ अंशांनी मागे झुकलेलं आणि नेमकं तिथेच मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईसाठी लाकूड पोखरलेलं, त्यामुळे पाठीवर पडली की तिथेच मोडते. जोड पक्का होता, वाजवायला अडचण नाही. पण बाजारात अशा गिटारीचा भाव जवळपास निम्म्यावर येतो.

आता हॉफनर. तिच्याबद्दल लिहायला कमी आहे, कारण तिने काही लपवलंच नाही. पिकअप, खुंट्या, टेलपीस, सगळं मूळचं. स्क्रू मिलीमीटरच्या मापाचे, जर्मन मालाला शोभणारे. नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या खाचांच्या तुकड्याच्या पुढे शून्याचा फ्रेट (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी तार), तोही हॉफनरच्या सवयीप्रमाणे. जांभळ्या दिव्यात सगळं अंग एकसारखं. अंकल दर रविवारी पुसत असणार. पण ही १९५० च्या दशकातली, म्हणजे मानेत पिळता येणारी सळई नाही. साठ पावसाळ्यांनी मान धनुष्यासारखी वाकवलीय. तारा उचलून धरणारा ब्रिज पार तळाला टेकवूनही बाराव्या फ्रेटवर तारेखाली दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक सरकली. गिब्सनची मान सळईच्या दोन आट्यांत सरळ होते. हिची करायची तर गरम करून दाबायची किंवा फ्रेट काढून मानेवरची फिंगरबोर्डची पट्टी रंधायची, आणि असलं काम विश्वासाने करणारे हात आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके.

दुसरा रोग सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्लास्टिकचा. पिकगार्ड म्हणजे फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून तारांच्या बाजूला लावलेला त्याचा तुकडा. तारा जेवढ्या भागात त्याच्या जवळून जातात, तेवढ्याच भागात त्यांच्यावर हिरवट गंज होता. कापरासारखा वास येत होता. ते प्लास्टिक कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि आसपासचा धातू खाते. बंद पेटीत, दमट हवेत आणखी जोरात. पिकगार्ड आजच काढून वेगळ्या डब्यात ठेवा, असं अंकलना सांगून आलो. गिटार कुणीही घेवो.

तिसरा पर्याय भाच्याने न विचारताच सांगतो: सत्तरच्या दशकातली जपानी नक्कल, उदाहरणार्थ इबानेझची २३५५. विकणारे तिला ‘लॉसूट’, म्हणजे खटलावाली, म्हणून मिरवतात. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेतल्या आयातदारावर खटला भरला होता खरा, पण वाद डोक्याच्या आकाराचा होता. त्याने गिटार चांगली किंवा वाईट ठरत नाही. वाजवायला ती उत्तम, आणि समुद्रकाठच्या हॉटेलात खारं वारं लागलं तरी जीव जळत नाही. फक्त फोनवर ‘गिब्सन आहे’ ऐकून कुडाळहून कुठे धावत जाऊ नका, आधी डोक्याचा फोटो मागवा. ‘गिव्हसन’ नावाच्या भारतीय गिटारी आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि फोनवर ब आणि व्ह कोण ऐकतो?

भाच्याला मी सांगितलं ते असं. संग्रह करायचा असेल, उद्या परदेशी विकायची असेल, तर दोन्ही सोड. त्या काळच्या गिब्सनच्या फिंगरबोर्डची पट्टी बहुधा ब्राझिली रोझवूडची, आणि ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय सरहद्द ओलांडता येत नाही. रोज रात्री वाजवायची असेल, तर वेंगुर्ल्याची घे. पण ‘१९५८, कोरी’चा भाव देऊ नकोस. अंग खरं, पिकअप बदललेले, डोकं जोडलेलं, असं तिन्ही मांडून आकडा सांग. हॉफनर मला मनापासून आवडली, पण ज्याला वाट बघायला वर्ष आहे त्यानेच ती घ्यावी.

काकींना आम्ही टीचं अक्षर, १९७७ चा आकडा आणि मानेमागची काळी पट्टी सगळं आरशात दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मामंजी खोटा बोलले नाय तर?" साल तरी खरं निघालं, असं मी म्हणालो. भाव चतुर्थी झाल्यावर, मुंबईहून मुलगा आल्यावर ठरायचाय.