ब्लाऊजच्या दुकानासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गूगल मॅप आणि इन्स्टाग्राम: मागच्या पोळ्यापासूनचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. वस्तीतल्या दुकानाला सगळ्यात कामाचं ठरलं ते व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. त्याच्या मागोमाग गूगल मॅपवरची नोंद. आणि ज्याच्यात सगळ्यात जास्त वेळ गेला ते इन्स्टाग्राम तिसऱ्या नंबरावर. तेही उपयोगी आहे, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही.

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळच्या गल्लीत माझं ब्लाऊज शिलाई आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. हातशिलाईला शेजारच्या काकू येतात, मोबाइलचं सगळं भाची बघते. मागच्या पोळ्याच्या सुमारास सुरुवात केली. महालक्ष्म्या, दसरा-दिवाळी, संक्रांतीच्या काळ्या साड्या, मग लग्नसराई, असे सगळे हंगाम या काळात बघून झाले.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ पासून आपल्याकडे आहे आणि फुकट आहे. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेसवर एकदम चालत नाही, म्हणून दुकानासाठी वेगळं सिम घ्या. एकाच फोनमध्ये दोन्ही अ‍ॅप राहतात. लँडलाइन असेल तर तोही नंबर चालतो, पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. नातेवाइकांचे गुड मॉर्निंग आणि गिऱ्हाइकांची मापं एका ठिकाणी नसली की डोकं बरंच शांत राहतं.

यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे तयार उत्तरं. दुकानात रोज तेच चार प्रश्न येतात. मी स्लॅश टाकून ‘माप’ लिहिलं की पुढचा मजकूर आपोआप उमटतो: ‘मापाचा ब्लाऊज आणा, नसेल तर दुकानात माप घेऊ. अस्तर तुमचं की आमच्याकडचं ते सांगा. गळ्याचा फोटो पाठवलात तर समोरचा आणि मागचा, दोन्ही पाठवा.’ ही शेवटची ओळ नंतर घातली. बायका मागच्या गळ्याचा गोंडेवाला फोटो पाठवतात आणि समोरचा गळा ‘तुम्हाला बरा वाटेल तसा’ म्हणतात. तसा शिवून दिला की मग तो आवडत नाही.

लेबलं दुसरी सोय. अ‍ॅपमधली तयार लेबलं बदलून मी ‘कापड आलं’, ‘कटिंग’, ‘हातशिलाई’, ‘तयार’ अशी केली. लग्नसराईत दिवसभर एकच प्रश्न असतो, ‘ताई, कधी देऊन राहिल्या ब्लाऊज?’ पूर्वी त्यासाठी गठ्ठे उपसावे लागायचे, आता नाव उघडलं की लेबल दिसतं. अर्थात, काकूंच्या हातातलं काम संपल्यावर लेबल बदलायला कोणीतरी लागतं. ते आपोआप होत नाही.

कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू मावतात. आम्हाला लागल्या जेमतेम आठ-दहा: साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडचा, आरी वर्कचा, आणि फॉल-पिको. भाव टाकावे की नाही यावरून घरात वाद झाला. शेजारचे दुकानदार म्हणाले, भाव टाकला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मी ‘इतक्यापासून पुढे’ असं लिहून टाकलेच. जे जायचे ते जातात, पण दुकानात येऊन, कपाटातले सगळे नमुने उलगडायला लावून जाण्यापेक्षा ते बरं.

ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच निरोप यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवायच्या सोयीवर, फार भिस्त ठेवू नका. एका यादीत २५६ लोक, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पावती देताना ‘नंबर सेव्ह करून घ्या’ हे सांगायची सवय लावली. स्टेटसलाही तोच नियम आहे, पण तिथे आपण कोणाच्या मागे लागल्यासारखं होत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे गेला की दुपारी बाजार ओस असतो. त्या वेळात अर्धवट झालेल्या कामाचं स्टेटस टाकलं की संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कोणी ना कोणी साडी घेऊन येतंच.

गूगलच्या नोंदीला पूर्वी गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ पासून नाव बिझनेस प्रोफाइल झालं. पडताळणीसाठी आम्हाला व्हिडिओ काढावा लागला. गल्ली, पाटी, शटर उघडताना, आतली मशीनं, सगळं एका दमात. गल्लीतलं दुकान सापडत नाही ही आमची जुनी रड होती, म्हणून चौकातून आत वळतानाचा फोटो आणि पायरीचा फोटो टाकला. रस्ता विचारणारे फोन बरेच कमी झाले. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीला, महालात पाय ठेवायला जागा नसते, तर यंदाची त्या दिवसाची ‘बंद’ अशी विशेष वेळ आत्ताच टाकून ठेवली आहे. रिव्ह्यू मागा, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

आता इन्स्टाग्राम. भाचीने करवती साडीवरच्या एका ब्लाऊजचं रील केलं. टसरची साडी, करवतीच्या दातांसारखा काठ, आणि तोच काठ बाहीला लावलेला. ते फार फिरलं. इनसाइट्समध्ये बघणाऱ्यांची शहरं दिसतात. पुणे, हैदराबाद, इंदूर. ‘प्राइस प्लीज’चा पाऊस पडला. शिवायला दोघी-तिघींनी मापाचा ब्लाऊज कुरिअर केला, बाकी शांत. ब्लाऊज अंगावर बसवावा लागतो, तो टपालाने विकायची वस्तू नाही, याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

इन्स्टाग्राम उपयोगी पडलं ते दुकानातच. हायलाइट्समध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम ठेवलेल्या स्टोरींमध्ये, ‘मागचा गळा’, ‘बाह्या’, ‘गोंडे’ असे कप्पे केले. नवरीची आई येते, मावशी येते, तिघींची तीन मतं. मोबाइल हातात दिला की पंधरा मिनिटांत गळा ठरतो, आणि तो आम्ही शिवलेलाच असतो. नेटवरच्या मॉडेलचा फोटो पाहून ‘डिट्टो असाच’ म्हणणं थांबलं. फोटो दाराशी, दिवसाच्या उजेडात घ्या. ट्यूबलाइटखाली आमसुली रंग चॉकलेटी दिसतो आणि मग भांडण होतं. गिऱ्हाइकाचा चेहरा आम्ही घेत नाही, विचारून फक्त पाठ.

बिझनेस अकाउंटला चालू गाणी बरीचशी मिळत नाहीत, त्यावरून भाची रुसली होती. आम्ही मशीनचाच आवाज ठेवला. मला तो जास्त आवडतो.

पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, म्हणजे बूस्ट, दोनदा केलं, दुकानाच्या आसपासचाच भाग निवडून. त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. दसऱ्याआधीचं वाया गेलं, कारण तेव्हा हातातलंच काम उरकत नव्हतं आणि नव्या गिऱ्हाइकांचे फोन उचलायला कोणी रिकामं नव्हतं. संक्रांतीनंतरचं कामी आलं. ओळखीतल्या एका साडीवाल्याने महिन्याच्या पॅकेजवर एजन्सी लावली. त्याच्या पेजवर आता सगळ्या सणांच्या शुभेच्छा आहेत, साड्या शोधाव्या लागतात.

बाईच्या नावाने अकाउंट असलं की ‘हाय डिअर’ येणारच. अनोळखी मेसेज रिक्वेस्टमध्ये पडू द्या, उत्तर देऊ नका, ब्लॉक करा. तसंच ‘शाळेचे गणवेश शिवायचेत, आगाऊ पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करा. व्हॉट्सअ‍ॅपचा टू-स्टेप पिन (नंबर दुसऱ्या फोनवर चालू करताना विचारतात तो) आणि त्याला जोडलेला ईमेल दुकानमालकिणीच्या नावाने ठेवा, भाचीच्या नाही. आमची जुलैत बंगळुरूला चाललीय शिकायला.