पिअर मेंटर व्हायचंय, पण कुठला? वर्षभराचा ग्रुप की एका विषयाचं सेशन

दुसरं वर्ष संपत आलं की फॉर्म फिरायला लागतो, नव्या मुलांसाठी पिअर मेंटर (म्हणजे त्यांना हात देणारे सीनियर विद्यार्थी) हवेत, इच्छुकांनी नावं द्या. बरेच जण सर्टिफिकेट मिळतंय का आणि आपल्यातलं अजून कोण कोण भरतंय एवढंच बघून नाव देऊन मोकळे होतात. पण या एका नावाखाली निदान चार वेगळी कामं चालतात आणि एकात मस्त रमणारा माणूस दुसऱ्यात पहिल्याच सेमिस्टरला वैतागतो, त्यामुळे नाव द्यायच्या आधी काम नक्की कुठलं आहे ते विचारून घ्या, तयारी काय करायची ते सगळं त्यावरच ठरतं.

खरी निवड दोघांतच असते. एक म्हणजे ग्रुप मेंटर. आठ-दहा किंवा कुठे कुठे पंधरा-वीस नवी मुलं तुमच्या वाट्याला येतात आणि निदान पहिलं सेमिस्टर, बऱ्याचदा वर्षभर, त्यांचं काहीही अडलं की ती तुम्हाला विचारतात. दुसरा म्हणजे विषयाचं सेशन घेणारा. जो पेपर सगळ्यांना जड जातो तो तुम्ही आधी चांगल्या मार्कांनी पास केलेला असतो आणि आता आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेल्या वेळी नव्या मुलांना एकत्र बसवून तोच विषय त्यांच्याकडून करून घ्यायचा असतो.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठल्या बाजूने बोलतोय. पहिल्यांदाच करणार असाल तर विषयाचं सेशन घ्या, ग्रुप नंतर. लोकांना उलट वाटतं, की ग्रुप मेंटर म्हणजे काय नुसत्या गप्पा मारायच्या आणि विषय शिकवणं अवघड. पण सेशनला सुरुवात आणि शेवट असतो, तास संपला की तुम्ही उठून जाऊ शकता. ग्रुपच्या कामाला असा काठच नसतो, तो तुम्हाला स्वतः आखावा लागतो आणि बहुतेकांच्या तयारीत नेमकं तेवढंच राहून जातं.

वेळेचं बघा. सेशनवाल्याचं आठवड्याचं गणित आधीच मांडता येतं, सेशनचे तास, तेवढाच वेळ प्रश्न तयार करायला, आणि काही ठिकाणी त्या विषयाच्या लेक्चरला परत बसायला लागतं तो वेळ. ही परत बसायची पद्धत सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाच्या मॉडेलमधली, जे १९७३ मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर डिॲना मार्टिन यांनी सुरू केलं आणि आता बऱ्याच देशांत वेगवेगळ्या नावांनी चालतं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी 'कच्ची मुलं' निवडली नाहीत, अवघड विषय निवडले. म्हणजे सेशनला येणाऱ्यावर ढ असल्याचा शिक्का बसत नाही, पहिला नंबरवालाही येऊन बसतो. तुमच्या कॉलेजात जर नापास झालेल्यांची यादी काढून त्यांनाच सेशनला पाठवत असतील तर तुमचं काम दुप्पट अवघड झालं समजा, कारण मुलं पडलेले चेहरे घेऊन येणार आणि पुढच्या वेळी दांडी मारणार.

ग्रुपवाल्याला कागदावर आठवड्याला दोन तास सांगतात. प्रत्यक्षात पहिले चार-सहा आठवडे फोन थांबत नाही, मग मध्ये एकदम सामसूम, आणि परीक्षा जवळ आली की परत पूर. म्हणजे नेमकी तुमचीही परीक्षा असते तेव्हाच. स्वतःचं टाइमटेबल आधीच फाटलेलं असेल तर हा रोल घेऊ नका, सरळ सांगतो.

आता तयारी. यात दोघांचा फरक सगळ्यात जास्त आहे आणि वर्कशॉपमध्ये मात्र सगळ्यांना एकत्र बसवून एकच स्लाइड शो दाखवतात.

सेशनसाठी विषय पक्का करणं हा तयारीतला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे तोंड बंद ठेवणं. मुलगा येऊन म्हणतो, 'दादा, हे गणित सुटत नाहीये.' तुमचा हात आपोआप पेनाकडे जातो, तीन मिनिटांत तुम्ही सोडवून दाखवता, तो म्हणतो 'हां हां, कळलं' आणि घरी जाऊन पुढचं गणित तसंच अडतं. त्याऐवजी विचारायचं, 'कुठपर्यंत आलास? ही ओळ का लिहिलीस?' तो गप्प बसतो, आता काय करायचं? काही नाही, थांबायचं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या या शांततेचा अभ्यास केला होता, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदभरच थांबतात आणि लगेच स्वतः बोलायला लागतात, पण तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात असं तिला दिसलं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण सहा जण तुमच्याकडे टक लावून बघत असताना मनात मोजून बघा, लय मोठे वाटतात. म्हणून आधी मित्रासमोर बसून याची प्रॅक्टिस करायची, त्याला न येणारा विषय घ्यायचा आणि अर्धा तास फक्त प्रश्न विचारायचे, एकही उत्तर द्यायचं नाही. मित्र चिडेल, चालतंय.

सोबत एक वही ठेवा, त्यात विषय शिकताना तुम्ही स्वतः जिथे जिथे अडकला होतात त्या जागा आठवून लिहा. प्राध्यापकांना त्या जागा आता दिसत नाहीत, ते फार पुढे गेलेले असतात, तुम्हाला अजून दिसतात. तुमची किंमत तिथेच आहे, तुमच्या नोट्समध्ये नाही (नोट्स तर सगळ्यांकडे फॉरवर्ड होऊन आलेल्याच असतात).

ग्रुप मेंटरची तयारी वेगळीच. इथे प्रश्न जो विचारला जातो तो बऱ्याचदा खरा प्रश्न नसतो. मेसेज येतो, 'ताई, अटेंडन्स किती टक्के लागतो?' नियम तुम्हाला पाठ असतो, तुम्ही आकडा टाकता, खाली थम्ब्स अप येतो, संपलं. पण हा मेसेज तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला आलाय, आणि ज्या मुलीकडून आलाय ती ग्रुपवर एरवी एक शब्द लिहीत नाही. मग आकडा द्यायचाच पण पुढे एक ओळ टाकायची, 'लेक्चरला जायला जमत नाहीये का? सांग ना, उद्या भेटू कँटीनमध्ये.' कधी उत्तर येतं की नाही गं, सहज विचारलं. आणि कधी कळतं की ती दोन आठवडे खोलीतून बाहेरच पडलेली नाही, वर्गात कोणी ओळखीचं नाही, आपण इथे चुकून आलोय असं तिला वाटतंय.

हे 'मी इथली नाही' वाटणं पहिल्या वर्षाला फार कॉमन आहे आणि प्रत्येकाला वाटतं की फक्त मलाच वाटतंय. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या एका कॉलेजात केलेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यावरच होता. नव्या मुलांना सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले, की आम्हालाही सुरुवातीला परकं वाटायचं आणि हळूहळू ते गेलं, एवढंच, तासाभराचं काम. त्या कॉलेजात संख्येने कमी असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधू नका, पण ग्रुप मेंटरने पहिल्या भेटीत काय बोलावं याचं उत्तर त्यात आहे. स्वतःच्या यशाची यादी वाचू नका. तुमचे पहिले दोन महिने कसे गेले ते खरं खरं सांगा आणि मुख्य म्हणजे ते कसं बदललं ते सांगा, नुसतं रडगाणं ऐकवलं तर मुलं अजून घाबरतात.

मग येतो तो भाग ज्याला लोक टाळतात. वर्षभरात एखादं मूल तरी तुम्हाला असं काहीतरी सांगणार जे तुमच्या आवाक्यातलं नाही, रॅगिंग, घरची मारहाण, पैशाची तंगी, कधी 'जगावंसंच वाटत नाही'. त्यासाठी तीन गोष्टी आधीच तयार हव्यात. पहिली, 'कोणाला सांगणार नाही ना?' याचं उत्तर. 'शप्पथ नाही सांगणार' हे कधीच म्हणायचं नाही. म्हणायचं की गावभर करणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल, आणि हे त्याने सगळं सांगून झाल्यावर नाही, आधीच सांगायचं. दुसरी, फोनमध्ये समुपदेशक, रेक्टर, फी आणि स्कॉलरशिपचं ऑफिस, रात्री चालू असणारी हेल्पलाइन असे नंबर, आणि त्यातल्या निदान एका माणसाला तुम्ही स्वतः जाऊन भेटलेलं असणं, कारण 'काउन्सेलरकडे जा' म्हटलं की कोणी जात नाही, 'चल, मी येतो दरवाजापर्यंत' म्हटलं की जातात. तिसरी, आत्महत्येबद्दल थेट विचारायची हिंमत. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे, उलट कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो.

यासाठी ट्रेनिंग घ्यायचंच तर दोन नावं नेहमी पुढे येतात. क्यूपीआर (क्वेश्चन, पर्स्वेड, रेफर) हे आत्महत्या रोखण्यासाठीचं, १९९५ पासूनचं, तास-दोन तासांत होणारं, धोका ओळखा, थेट विचारा, मदतीपर्यंत न्या एवढंच शिकवणारं. मेंटल हेल्थ फर्स्ट एड २००० मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं, ते बरंच लांब, त्यात नैराश्य, पॅनिक, व्यसनं हेही येतं. ग्रुप मेंटरसाठी वेळ असेल तर दुसरं, सेशनवाल्याला पहिलं पुरे. दोन्हीपैकी काहीच केलं नाही आणि वर्षभराचा ग्रुप घेतला, हे मात्र मला पटत नाही.

'पण उपयोग कशाचा जास्त होतो?' असंही विचारतात. दोन्हीचा होतो, पण वेगळ्या जागी. सेशनचा परिणाम त्या विषयाच्या निकालात शोधायचा. ग्रुपचा तसा मार्कांत लगेच दिसत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या तारा डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांनी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या दीडशे मुलींना घेऊन २०१७ मध्ये एक अभ्यास छापला, काहींना सीनियर मुलगी मेंटर दिली, काहींना मुलगा, काहींना कोणीच नाही. मुलगी मेंटर असलेल्यांतली एकही पहिल्या वर्षाच्या शेवटी इंजिनीअरिंग सोडून गेली नव्हती, बाकीच्या दोन्ही गटांत गळती झाली. मार्क मात्र मेंटरमुळे वाढले नव्हते, आपण इथले आहोत हे वाटणं आणि आत्मविश्वास टिकून राहिला होता. म्हणजे ग्रुप घेतलात तर 'माझ्या मुलांचे मार्क का वाढत नाहीत' म्हणून स्वतःला खात बसू नका, आणि वर्ष संपताना ती सगळी वर्गात आहेत का ते बघा.

उरलेली दोन कामं झटपट. ओरिएंटेशनचा आठवडा सांभाळणं, कॅम्पस दाखवणं, फॉर्म भरून देणं, खेळ घेणं, हे लोकांत मिसळायला आवडणाऱ्याने जरूर करावं, तयारी दोन-तीन दिवसांची, पण त्याला मेंटरिंग म्हणू नका, आठवड्यानंतर कोणी कोणाला ओळखतही नाही. आणि होस्टेलवर राहून मजल्याची जबाबदारी घेणं, याच्या अगदी उलट, चोवीस तास. शिवाय तिथे नियम मोडणाऱ्याची तक्रारही तुम्हीच करायची असते, त्यामुळे मुलं एका हाताने तुमच्याकडून मदत घेतात आणि दुसऱ्या हाताने गोष्टी लपवतात. राहायची सोय किंवा फीमध्ये सूट मिळते म्हणून मोह होतो, समजू शकतो, पण आधी कुठल्यातरी एका रोलचं वर्ष काढल्याशिवाय नको.

मग ठरवायचं कसं? तुम्ही नीट बोलता आणि नको तेव्हा मध्ये तोंड घालत नाही, एका विषयात हात बसलाय, रात्री फोन बंद करून झोपायला आवडतं, तर सेशन. लोक आपणहून तुमच्याशी बोलायला येतात, ऐकून घेतल्यावर त्यांचं टेन्शन तुमच्या डोक्यात दिवसभर फिरत नाही, आणि 'हे मला जमणार नाही, पण कोणाला जमेल ते माहितीये' असं म्हणायला कमीपणा वाटत नाही, तर ग्रुप. सध्या तुमचं स्वतःचंच काही जड चाललं असेल तर या वर्षी कुठलाच नको, फॉर्म पुढच्या वर्षीही येतो.

आणि नाव देण्याआधी कोऑर्डिनेटरला जाऊन विचारा, ट्रेनिंग किती तासांचं आहे, माझ्या वाट्याला किती मुलं, मी अडकलो तर रात्री कोणाला फोन करायचा, आणि मध्येच सोडायचं झालं तर माझी मुलं कोणाकडे जाणार. ट्रेनिंगच्या तासांबद्दल अंदाज हवा असेल तर ट्यूटर ट्रेनिंगला मान्यता देणारी सीआरएलए (कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन) ही अमेरिकेतली संस्था पहिल्या लेव्हलला निदान १० तासांचं ट्रेनिंग आणि २५ तासांचा प्रत्यक्ष अनुभव मागते, त्यामुळे कोणी तुम्हाला एका दुपारच्या सेमिनारवर वर्षभराचा ग्रुप देत असेल तर उरलेलं ट्रेनिंग कधी होणार ते तिथेच विचारून घ्या. रात्रीच्या फोनच्या प्रश्नावर जर 'तसं काही होत नाही हो' असं उत्तर आलं तर तिथे ग्रुप घेऊ नका, सेशनचा फॉर्म मागा.