ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ४? पिकअप आणि मोटरसायकलवर अकरा महिने

आमचं बिछायत केंद्र आहे. गेल्या मे महिन्यात चिखलदऱ्याचं लग्न उरकून मंडपाचं सामान भरलेली पिकअप परतवाड्याकडे उतरवत होतो. चौथ्या-पाचव्या वळणावर ब्रेकचं पॅडल फुसकन खाली बसलं. पंप मारत, दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या अंगाला लावली. अर्ध्या तासानं पाहतो तर पॅडल पुन्हा टणक!

परतवाड्याचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, लिकेज असतं तं थंडं झाल्यावर ब्रेक आला नसता. तेलानं पाणी पेलं." चाकाजवळचं, ब्रेकमधली हवा-तेल काढायचं निपल सोडलं तर चहाच्या रंगाचं तेल आलं. चूक माझीच. सीटखाली चार पावसाळे पडलेली ब्रेक ऑइलची उघडी बाटली. पातळी उतरली की त्यातलंच ओतत होतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३, डॉट ४ ही त्याची प्रतवारी. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की ही हद्द १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात लोड असला की ब्रेक तापतात, तेलात वाफ होते, आणि वाफ दबते. मग पाय रिकामाच जातो.

माझ्या पिकअपच्या ब्रेक ऑइलच्या टोपणावर दोन्ही चालतात असं लिहिलंय, म्हणून सगळं जुनं काढून सीलबंद डॉट ४ भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. तेव्हापासून घाटात एकदाही पॅडल नरम पडलं नाही. थोडं महाग पडतं, आणि पाणी हेही पितंच, तेव्हा दोन वर्षांनी बदलायचं.

मोटरसायकलच्या पुढच्या डिस्कलाही डॉट ४ च. ते भरताना टाकीवर चार थेंब सांडले, पुसायला उशीर केला आणि रंग उठला. लगेच पाणी ओता बाप्पा! पॅड घासले तरी तेलाची पातळी उतरते, म्हणून आता हँडलजवळच्या काचेत ती उतरलेली दिसली की तेल ओतण्याआधी पॅड किती घासले ते पाहतो.

भाचा नागपूरहून डॉट ५ घेऊन आला होता, नंबर मोठा म्हणून. ते सिलिकॉनचं, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही, परत पाठवलं. ५.१ वेगळं, ते या दोघांच्याच जातीचं. काका ट्रॅक्टरसाठीही डबा मागत होते. त्यांच्या ट्रॅक्टरचे 'ऑइल ब्रेक' गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेले, त्याला ही बाटली लागतच नाही.

परवा मिस्त्रीनं तेलातलं पाणी दाखवणारा दिव्याचा टेस्टर पिकअपच्या तेलात बुडवून पाहिला, हिरवा लागला, म्हणजे तेल अजून ठीक. यंदाची लग्नसराई याच तेलावर काढतो.