लंडनच्या इमर्जन्सीतली एचआयव्ही चाचणी : चांगली, पण कुणी सांगेल तर

लेकाकडे लंडनला आलोय. मागच्या महिन्यात रात्री ह्यांच्या पोटात कळा यायला लागल्या, म्हणून इमर्जन्सीत नेलं. मुतखडा निघाला, पहाटे घरी आलो. लिहायचंय ते तिथं घेतलेल्या रक्ताबद्दल.

मी चौदा वर्षं सोलापूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशक होते. दार लावून बोलायचं, संमती घ्यायची, मगच रक्त. इथं भिंतीवर पोस्टर दिसलं : तुमचं रक्त घेतलं तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही तपासणी होईल, नको असेल तर सांगा. एप्रिल 2022 पासून लंडनच्या इमर्जन्सी विभागांत ही पद्धत आहे. आधी मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ह्यांना सांगितलं. "माझी कशाला?" म्हणाले. "सगळ्यांचीच करतात," म्हटलं, आणि विषय तिथंच संपला. हे एक वाक्य माझ्याकडे असतं तर! आमच्याकडे गरोदर बायका आणि टीबीचे पेशंट नेमाने यायचे. बाकीचा माणूस आमच्या खोलीच्या दाराशी दिसला की गावात कुजबुज. कितीतरी जण पार खंगल्यावर आले. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा आजार इथं त्याच सुईत कळतो, आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर तो इतरांसारखं आयुष्य जगतो. इंग्लंडमध्ये हे उपचार पाहुण्यांनाही फुकट आहेत.

पण ह्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि रक्त घेणाऱ्या मुलीने तोंडाने काहीच सांगितलं नाही. तिची धावपळ मला दिसत होती. तरी ज्याला कळलंच नाही, तो नको कसं म्हणणार? मी विचारल्यावर उत्तर मिळालं : काही निघालं तरच कळवू. म्हणजे निरोप नाही आला तर ठीक. पण गेल्या काही आठवड्यांतली लागण या चाचणीत सुटू शकते, हे कुणी बोललं नाही. आमच्याकडे हे वाक्य न सांगता मी एकालाही उठू दिलं नसतं.

तुमचे आईवडील इकडे आले आणि अशी वेळ आली, तर सुई टोचायच्या आधी ते पोस्टर त्यांना मराठीत वाचून दाखवा. दोन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय.