आईचं सामान: घरातलंच न्यावं की नवं घ्यावं?

ज्येष्ठ निवासात खोली लहान असते: पलंग, कपाट, एखादी खुर्ची. म्हणून अनेक घरांत चादरी, टॉवेल, गाऊन सगळं नवं कोरं घेतलं जातं. दिसायला छान, आणायलाही सोपं. तरी माझा कौल घरच्या सामानाला आहे, विशेषतः आईला विसर पडू लागला असेल तर. वापरून मऊ झालेली गोधडी, रोजचा स्टीलचा पेला, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, जपमाळ. रात्री अनोळखी खोलीत जाग आली की याच वस्तू धीर देतात. फोटोंमागे नावं लिहा, म्हणजे काळजी घेणाऱ्या ताईंना तिच्याशी बोलायला विषय मिळेल.

नवं घ्यायचंच तर चपला घ्या: मागे पट्टा, तळ न घसरणारा. झिजलेल्या स्लीपर आणि सुटी पायपुसणी घरीच राहू देत, त्यांवरून पाय घसरतो. गाऊन पुढून बटणांचे बरे. कपडे बहुधा सगळ्यांचे एकत्र धुतले जातात, तेव्हा जुन्या-नव्या प्रत्येक कपड्यावर नाव हवं. औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

कपाट भरण्याआधी तिला विचारा. तिने पितळी डबा मागितला तर जागा करून तो न्याच.