चेकर प्लेटचं पॉलिश कीट, नऊ महिने वापरून: फाळका चमकला, हौद्यात पोरगा आपटला

आधीच सांगतो, मी काय डिटेलिंगवाला नाही. आमची पिकअप आहे, पहाटे उरणजवळच्या करंजा बंदरातून मासळी उचलायची आणि बेलापूर, नेरूळ, वाशीच्या गिऱ्हाईकांना पोचवायची, हा धंदा. हौद्यात खाली, फाळक्याला म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेला, आणि मागच्या पायदानाला अॅल्युमिनियमची चेकर प्लेट मारलेली आहे, तीच पाच-पाच पट्ट्यांची नक्षी असलेली. नवीन होती तेव्हा आरशासारखी होती, तीन वर्षांत अशी झाली की लोक विचारायला लागले सिमेंट वाहता का.

आता यात पत्र्याचा दोष नाही. अॅल्युमिनियमवर हवेनेच एक पातळ थर येतो आणि तोच त्याला सांभाळतो, म्हणून तर लोखंडासारखं गंजून भोक पडत नाही. पण मीठ लागलं की तो थर जागोजागी फुटतो आणि बारीक बारीक खड्डे पडून पांढरी पूड बसते. आमच्याकडे तर मीठच मीठ, क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणी, बंदरावरचं ओलं, घरी आलं तर खाडीचं खारं वारं. आणि स्टीलच्या बोल्टभोवती सगळ्यात जास्त, कारण दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हटलं की अॅल्युमिनियमच झिजतं. माझ्या फाळक्याला प्रत्येक बोल्टभोवती पांढरी फुलं आली होती.

कीट घ्यायच्या आधी एक शहाणपणा करून झाला होता तोही सांगतो. हायवेच्या एका वॉशिंगवाल्याने सांगितलं, शेठ दोन मिनिटांत नवीन करून देतो, आणि फवाऱ्याने कसलं तरी अॅसिड मारलं. पत्रा फेसाळला, पांढरा झाला, मी खूश. दोन दिवसांनी सुकल्यावर बघतो तर चमक नाहीच, खडू फासल्यासारखा मळकट पांढरा, आणि डाव्या दरवाजाच्या काचेवर ठिपके ठिपके जे कशानेच जाईनात. नंतर कळलं की असल्या ब्राइटनरमध्ये बऱ्याचदा फ्लोराईडवालं अॅसिड असतं, ते काचही खातं. आणि ते हातावर पडलं तर लगेच दुखतही नाही, काही तासांनी आतून दुखायला लागतं, तोपर्यंत खोल गेलेलं असतं, त्याला कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं. तो वॉशिंगवाला तिथे उघड्या हाताने, चपला घालून फवारत होता.

तर ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर ऑनलाइन कीट मागवलं. डबीत पेस्ट, ड्रिलला लावायचे फोमचे दोन कोन, एक कापडी चाक, दोन नायलॉनचे ब्रश, दोन फडकी. 1,150 रुपये. नाव लिहीत नाही, कारण पेस्ट बरी निघाली आणि कोन भंगार, दोन्ही एकाच डब्यातून.

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि नायलॉनचा ब्रश. पट्ट्यांच्या मुळाशी तेल, खवले आणि धूळ मिळून जी खळ बसते ती निघाल्याशिवाय पेस्टला हात लावू नका, नाहीतर तीच घाण पेस्टबरोबर फिरते आणि चरे पाडते. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको, त्याचे कण पत्र्यात अडकून राहतात आणि पहिल्या पावसात तांबडे डाग फुटतात. कॉस्टिक सोडाही नको, पत्रा काळा पडतो. मी घासत बसलेलो तर आई बाहेर येऊन म्हणाली, चिंच लाव रे, आमची अॅल्युमिनियमची टोपं चिंचेनेच उजळायची. हसलो, पण म्हातारीचं अगदीच चूक नाही, आंबटाने उजळतं आणि सोड्याने काळवंडतं हे खरंच आहे. फक्त अख्ख्या हौद्याला लावायला चिंच किती आणणार.

पेस्ट लावताना पहिली दहा मिनिटं मला वाटलं फसलो. कापड काळंकुट्ट. अजून घाण आहे म्हणून घासत राहिलो, काळं येतच राहिलं. नंतर डोक्यात आलं की हे काळं म्हणजे घाण नाही, पत्राच बारीक झिजून निघतोय, आणि तो घासाल तोपर्यंत काळा येणारच. म्हणजे कधी थांबायचं ते कापडाकडे बघून नाही, पत्र्याकडे बघून ठरवायचं. उलट टूलबॉक्सच्या झाकणाला लावलं तर कापड पांढरंच राहिलं, म्हणजे वर लॅकरचा पारदर्शक थर आहे, तिथे घासून काय उपयोग नाही, सोडून दिलं.

खरी कटकट नक्षीची. सपाट पत्र्यावर कोणीही चाक फिरवेल. इथे एका चौकोनात पट्ट्या आडव्या तर शेजारच्यात उभ्या, तुम्ही कसंही फिरवा, कुठलीतरी धार चाकाला आडवी येतेच आणि फोम कुरतडते. पहिला कोन अर्धा फाळका होईस्तोवर गेला, दुसरा त्याच संध्याकाळी. वर पट्ट्यांची टोकं चकाचक आणि मधली खाच मात्र राखाडी, लांबून बघितलं तर आणखीच मळकट दिसायचं. मग जमलं ते असं, की ड्रिल पूर्ण स्पीडला न ठेवता तिरकं फिरवायचं, आडव्या पट्टीलाही तिरकं आणि उभ्या पट्टीलाही तिरकं, म्हणजे धार थेट बसत नाही. आणि खाचा हातानेच करायच्या. जुना दातांचा ब्रश, त्यावर फडक्याची पट्टी गुंडाळलेली, चण्याएवढी पेस्ट. एक वीतभर जागेला मला पंचवीस मिनिटं लागली, फाळक्याला तीन रविवार. आणि हे सगळं सावलीत, तापलेल्या पत्र्यावर पेस्ट लगेच सुकून चिकटते. मास्क लावा, नाक शिंकरलं तर काळं येतं.

शेवटी खाचेत पेस्टचा जो तेलकट काळा चिकटा राहतो तो काढायला मैदा. मस्करी नाही, ट्रकवाले वापरतात. मूठभर मैदा भुरभुरायचा, कोरड्या कापडाने चोळायचा, तेल ओढून घेतो आणि खाच लख्ख. आमच्या घरात त्यावरून भांडण झालं तो भाग वेगळा.

आता माझी चूक. फाळका इतका भारी झाला की मी जोशात हौद्याची जमीनही पॉलिश केली आणि वर वॅक्स मारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा पोरगा सुरमईचा क्रेट घेऊन चढला आणि सरळ पाठीवर. नशीब डोकं वाचलं, कोपर मात्र दोन आठवडे सुजलेलं. त्या पट्ट्या असतातच कशाला, पायाला पकड यावी म्हणून ना, आणि मी शहाणा त्यावर मेण फासून बसलो. लिक्विड आणि गरम पाण्याने दोनदा घासून वॅक्स उतरवलं. तेव्हापासून हौदा आणि पायदान फक्त धुतो. डबीवर याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.

नऊ महिन्यांनंतर आज काय? फाळका बाहेरून अजून सत्तर टक्के तरी चांगला आहे. वॅक्स साधारण पाच-सहा आठवडे टिकतं, उन्हाळ्यात पाणी थेंब होऊन घरंगळायचं थांबलं की परत मारतो. आतल्या बाजूला, जिथे क्रेट घासतात, तिथे महिन्याभरात निघून गेलं. बोल्टभोवतीची फुलं परत आली, बोल्ट काढून खाली नायलॉनचे वॉशर टाकल्यावर कमी झाली. आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो पेस्टने नाही, रोज दुपारी गाडी रिकामी झाली की गोड्या पाण्याचा पाईप मारण्याने, पाच मिनिटं. पाऊस सुरू झाल्यापासून मीठ आपोआप धुतलं जातंय, पण चिखल खाचेत बसतो, त्याला ब्रश लागतोच.

परत घेणार का, तर नुसती पेस्ट घेईन, अर्धी डबी अजून शिल्लक आहे. कोन नाही. गाडी विकायची असेल, मिरवायची असेल तर वेळ घाला, नाहीतर धुवा आणि सोडून द्या. त्या वॉशिंगवाल्याच्या कृपेने आलेले काचेवरचे ठिपके मात्र तसेच आहेत, पहाटे उरण रोडला बाजूने लाईट पडली की दिसतात.